वरची काठी

गिताबाईनं दोऱ्याचं टोक दातात धरलं, एका हातानं बोटभर लांबीची काठी डोलकाठीवर आडवी टेकवली आणि दुसऱ्या हातानं दोरा फिरवून गाठ मारली. मग दातातला दोरा सोडून तिनं काठीवर फुंकर घालून पाहिली. काठी हलली नाही.

"बसली?" साधनानं विचारलं.

"बसली. आता वरची दे."

साधनानं मांडीवरच्या चित्राकडे पाहिलं, बिस्किटाच्या डब्यातून आधीच्याहून लहान काठी शोधली आणि सासूच्या तळहातावर ठेवली. दोघी जमिनीवर बसल्या होत्या आणि दोघींच्या मध्ये स्टुलावर जहाज होतं. हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं, जुन्या काळचं शिडाचं जहाज. त्याचं अंग शंभूनं रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरमधून कोरलं होतं. त्याचा बाप म्हाळू दौंडला गँगमन होता. ते स्लीपर त्यानं चुलीसाठी म्हणून परसात आणून टाकले होते आणि पोरानं त्यातून जहाज काढलं. म्हाळू ते बघायला राहिला नाही. राहिला असता तर म्हणाला असता, सगळं घराणं मेंढरांमागं हिंडलं, ह्यालाच तेवढा समुद्र कुठनं दिसला?

म्हाळूला अशी थट्टा करायची सवयच होती. गिताबाईनं परसात कपड्यांची दोरी बांधली की तो म्हणायचा, "ही दोरी सकाळपातूर. सकाळी धुणं मातीत." आणि खरंच पुष्कळदा दोरी खाली आलेली असायची. गिताबाई वाऱ्याला शिव्या देत पुन्हा धुवायला बसायची.

शंभू मात्र खरोखर समुद्रावर गेला. मालाच्या बोटीवर, डेकवरच्या कामाला. सुट्टीवर आला की मित्र नाहीत, पिक्चर नाही, परसात बसून लाकूड तासत राहायचा. शेवटच्या सुट्टीत त्यानं डोलकाठ्या उभ्या केल्या, आडव्या काठ्या घासून डब्यात भरल्या, दोऱ्याला मेण चोळून ठेवलं, आणि निघताना आईला आणि बायकोला दम भरला, "काठ्या मी येऊन चढवतो. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

मग एका सकाळी कंपनीचा फोन आला. शंभू रात्रपाळीला डेकवर होता, उजाडलं तेव्हा नव्हता. बोट मागं वळवून दिवसभर शोधलं म्हणे. पुढं कागद आले, त्याची बॅग आली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

साधनाचं वय काय होतं? तिशीसुद्धा गाठली नव्हती. दिवसा एका दवाखान्यात केसपेपर लिहायची आणि संध्याकाळी येऊन भिंतीकडे बघत बसायची. ते बघवेना म्हणून गिताबाईनंच शिरूरकडच्या आपल्या थोरल्या भावाला, ज्ञानूला, स्थळ बघायला सांगितलं. त्यानं कारेगावचा संपत आणला. कंपनीत कायम होता, बायको आजारपणात गेलेली, माणूस सरळ. साधना आधी ऐकेना. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "जाईन मी, आत्या. पण त्ये जहाज असं उघडंबोडकं टाकून न्हाई जायची. काठ्या चढवू, मग जाईन."

सासूला ती आत्या म्हणायची.

म्हणून दोघी रोज संध्याकाळी बसत होत्या. साधनाला चित्र कळायचं, पण बारीक गाठ तिच्या बोटांना जमायची नाही. गिताबाईला चित्रातलं काही कळत नव्हतं, हात मात्र पक्का होता. एकीनं सांगायचं, दुसरीनं बांधायचं. काठीच्या मधोमध एक गाठ, दोन्ही टोकांना एकेक दोरा, तो मण्याच्या कप्पीतून वर डोलकाठीच्या माथ्याला. घराच्या मागच्या अंगानं मालगाडी गेली आणि मांडणीवरची भांडी वाजली. रुळाच्या कडेला संसार केलेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.

सकाळी काठ्या तिरक्या झालेल्या होत्या.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा त्यांनी उंदराला दोष दिला. दुसऱ्यांदा मांजराला, आणि खिडकी लावून घेतली. तिसऱ्यांदा गिताबाईनं जहाजावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं आणि वर पाटा ठेवला. सकाळी पाटा जागेवर, डालगं जागेवर, आणि आतमध्ये तीन काठ्यांची एकेक बाजू खाली लोंबत होती. दोरा तुटलेला नव्हता, कुठं दात लागलेला नव्हता. गाठी तेवढ्या सुटल्या होत्या.

साधना डालगं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आत्या, तुमाला एक सांगितलं न्हाई मी."

"काय?"

"ह्यांनी मागं फोनवर सांगितलं हुतं. जुन्या काळात शिडाच्या जहाजावर कुनी गेलं, म्हंजी मेलं, की काठ्या मुद्दाम अशा तिरक्या सोडायचे. दुखवटा म्हणून. लांबनं दुसऱ्या जहाजाला दिसावं, की ह्यांचं मानूस गेलंय."

गिताबाईनं लोंबणाऱ्या एका काठीला बोट लावलं.

"त्यांना मी जायला नकोय," साधना म्हणाली. "मामांना फोन करून न्हाई म्हणून सांगा."

इथं सासूनं सुनेला रागवायला हवं होतं. शिकलेली पोर असून काय बोलतीस म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर गिताबाईला त्या घडीला बरं वाटलं. इतकं बरं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. पोरगं घरी येतंय. रात्रीचं येतंय, आपण बांधलेलं सोडून जातंय, पण येतंय. तिनं फोन केला नाही, "बघू" म्हणाली, आणि संध्याकाळी पुन्हा काठ्या बांधायला बसली.

त्यानंतर ती साधनाच्या आधी उठायला लागली. पहाटेच्या उजेडात जहाजासमोर जाऊन बसायची. पोर जेवून उठल्यावर त्याच्या ताटाकडे बघावं तशी त्या तिरक्या काठ्यांकडे बघायची. कुठली सोडली, किती सोडली. मग साधना उठायची, तेच बघायची, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. तिचं जेवण निम्म्यावर आलं. दवाखान्यातून येताना ती दारातच थबकायची, आत कुणी बसलंय का बघून मग पायरी चढायची. गिताबाईला ते दिसत होतं. आपल्याला ज्याचं सुख होतंय त्यानं ही पोर वाळत चाललीय, हे तिला कळत होतं आणि तिची तिलाच लाज वाटत होती. तरी फोन आला की ती उचलत नव्हती.

फोन उचलत नाही म्हटल्यावर ज्ञानू स्वतःच आला. रविवारी, साधनाला सुट्टी असताना, दुपारच्या एसटीनं, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. मेंढरं विकून ऊस लावला त्याला जमाना झाला, घोंगडं काही सुटलं नव्हतं. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"तिकडची मानसं थांबल्याती, गिते. व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. लोकाला टांगून का ठिवायचं?"

गिताबाई पदराशी चाळा करत राहिली. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून साधनाच बोलली. काठ्यांचं, डालग्याचं, दुखवट्याचं, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. ज्ञानू हसला नाही. देवधर्माचा माणूस होता, असल्या गोष्टीला हसणाऱ्यांतला नव्हता. तो उठून स्टुलापाशी गेला, हात पाठीमागं बांधून वाकला आणि आजारी मेंढरू बघतात तसं जहाज सगळीकडून बघितलं. मग त्यानं दोन बोटांच्या चिमटीत एका दोऱ्याचं टोक धरलं आणि हलकेच ओढलं.

गाठ सुर्रकन सुटली. काठी एका अंगाला कलली.

"अगं बाई!" साधना पुढं आली.

"गिते," ज्ञानू म्हणाला, "ह्या गाठी कुनी मारल्या?"

"मी."

"मंग भूत कशाला हुडकताय? ही वाघरेची गाठ हाय."

साधनाला काही कळलं नाही. गिताबाईला कळलं, पण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. हे बहीणभाऊ लहान असताना त्यांचा तळ आज ह्या शिवारात, उद्या त्या शिवारात असायचा. दिवस मावळला की खुंट्या ठोकायच्या, खुंट्यांना वाघर बांधायची आणि मेंढरं आत घालायची. पहाटे खुंटीपाशी जाऊन दोरीचं टोक ओढलं की झालं. तळ हलला. बांधायचं काम पोरींचं असायचं. गिताबाईचा हात ही गाठ शिकला तेव्हा तिला वीसपर्यंत मोजताही येत नव्हतं, आणि त्यानंतर दुसरी गाठ शिकवायची कुणाला गरज वाटली नाही. रात्रीपुरती गाठ होती ती. सकाळी सुटायची म्हणूनच मारायची.

"आन् रातच्याला मेंढरं वाघरेला आंग घासायची," ज्ञानू सांगत होता, "तवा पहाटंपातूर निम्म्या गाठी आपसूक ढिल्या झालेल्या असायच्या. इसरलीस व्हय?"

"हितं कुठली मेंढरं, मामा?" साधना म्हणाली.

तेवढ्यात मागनं मालगाडी आली. घरात फक्त ज्ञानूलाच ती ऐकू आली. तो एकदम दचकला, वर आढ्याकडे बघितलं, मांडणीवर वाजणाऱ्या भांड्यांकडे बघितलं, आणि मग त्यानं जहाजाकडे बोट केलं. तिघंही बघत राहिली. दोरे बारीक थरथरत होते. मधल्या डोलकाठीवरची एक गाठ बघता बघता सैलावली आणि तिची काठी हळूहळू, कुणी हातानं खाली घ्यावी तशी, एका बाजूला उतरली.

"ह्ये बघा," ज्ञानू म्हणाला. "तुमच्या भुताला इंजिन हाय."

साधना हसली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. ज्ञानूही हसला, आपण मोठं काम केलं म्हणून. गिताबाईला मात्र म्हाळूची कपड्यांची दोरी आठवली. तो उभा जन्म हसत राहिला आणि ही वाऱ्याला शिव्या देत राहिली. म्हणजे कुणी आलंच नव्हतं. पहाटे उठून ती बघत बसायची ते तिच्याच हाताचं होतं. शंभू पहिल्यांदा गेला तो फोनवर, तिनं बघितला नव्हता. आत्ता तो दिवसाढवळ्या, तिच्या डोळ्यांसमोरून गेला, आणि घरातली दोन माणसं हसत होती.

"मामा," साधना डोळे पुसून म्हणाली, "आत्यांना पक्की गाठ शिकवा. आज समदं बांधून काढू. उद्या सकाळी काठ्या जागच्या जागी असल्या, तर मी तुमच्यासंगं येते शिरूरला. न्हाईतर पुन्यांदा इषय काढू नका."

ज्ञानूनं दोरा हातात घेतला, फिरवला, सोडला. कासऱ्याची गाठ मारून बघितली, ती ह्या दोऱ्याला जाड झाली. पोत्याची मारली, ती सरकली.

"उभ्या काठीला आडवी काठी," तो स्वतःशीच म्हणाला. "मला तर असली..." आणि तो थांबला.

"येती तुला," गिताबाई म्हणाली.

"न्हाई येत."

"गावात कुनी गेलं की तिरडी कोन बांधतं, दादा?"

ज्ञानूनं दोरा स्टुलावर ठेवला. "ती गाठ घरात मारत न्हाईत, गिते."

"का?"

"ती सोडायची नसती. मसनवट्यात नेऊन कापायची असती. जित्या मानसाच्या घरात तिचं काय काम?"

"त्याला ती कुनी बांधलीच न्हाई," गिताबाई म्हणाली.

ज्ञानूनं खांद्यावरचं घोंगडं काढून खुंटीला अडकवलं, पटका काढून बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला. बायकांना ही गाठ शिकवत नाहीत. त्यानं ती शिकवली. उभ्या काठीवरून एक वेढा, आडवीच्या खालून दुसरा, मग उलट फिरून पुन्हा तसंच, आणि टोक आत दाबून टाकायचं, बाहेर ठेवायचं नाही. गिताबाईनं दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा स्वतः मारली. ज्ञानूनं नखानं उकलून बघितली. उकलली नाही.

खालून वर, एकेक काठी. साधना चित्रात बघून सांगत होती, ज्ञानू दोरा ताणून धरत होता आणि गिताबाई बांधत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच हनुवटीवरून गळत होतं. कुणी तिला गप्प राहा म्हणालं नाही. दिवे लागायच्या सुमाराला मधल्या डोलकाठीची सगळ्यात वरची काठी उरली. काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा मोठी. तीही बांधून झाली. जहाज पुरं झालं. मागनं गाडी गेली तेव्हा तिघांनी श्वास रोखून बघितलं. दोरे थरथरले, पण एकही काठी ढळली नाही.

साधनानं बॅग भरली. आपल्या दोन साड्या तिनं आत्यांसाठी कपाटातच ठेवल्या, त्यावरून थोडी ओढाताण झाली आणि शेवटी एक राहिली, एक बॅगेत गेली.

गिताबाईला सवयीनं पहाटे जाग आली. आज बघायचं नाही असं ठरवून ती पडून राहिली होती. मग म्हटलं, चूल तर पेटवावी, आणि उठली. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. पहिल्या डोलकाठीच्या काठ्या सरळ होत्या. शेवटच्या डोलकाठीच्या सरळ होत्या. मधलीच्या खालच्या दोन्ही सरळ होत्या.

सगळ्यात वरची तिरकी होती.

ती जवळ गेली. दोरा तुटलेला नव्हता. कापलेलाही नव्हता. मेणाच्या दोऱ्यात कालच्या गाठीची वळणं तशीच उमटलेली होती, वेढा न् वेढा. गाठ ओढून निसटली नव्हती. ती कुणीतरी सावकाश, उलट क्रमानं, उकलून सोडली होती. ज्ञानूच्या नखाला जी उकलली नाही, ती.

पडवीत ज्ञानू घोरत होता. साधना गालाखाली हात घेऊन झोपली होती, कित्येक दिवसांनी गाढ.

"आलास व्हय," गिताबाई म्हणाली.

तिला काहीच करायची गरज नव्हती. साधनाला हाकसुद्धा मारायची गरज नव्हती. ती उठली असती, तिनं बघितलं असतं आणि बॅग उघडून साड्या पुन्हा कपाटात लावल्या असत्या. ज्ञानू एकटाच परत गेला असता. मग ह्या घरात दोघंही राहिली असती, तिचा मुलगा आणि त्याची बायको, ती मरेपर्यंत. गिताबाईच्या मनात हे सगळं आलं. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तिनं स्टुलाची कड घट्ट धरली.

मग तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं.

"जाऊ दे तिला," दोरा न सोडता ती पुटपुटली. "पोर हाय ती. मी हाय हितंच, मी कुठं जानार न्हाई. तुला यायचं तवा माझ्याकडं ये."

तिनं काठी सरळ केली आणि गाठ मारली. कालची मारली नाही. ती त्याला नको होती, हे तिला कळलं होतं. तिनं वाघरेची मारली, रात्रीपुरती, आणि टोक बाहेर ठेवलं.

स्टेशनच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गिताबाईला ती ऐकू आली. अंथरुणात हालचाल झाली. साधना उठून बसली आणि केस मागं करत तिनं पहिल्यांदा जहाजाकडे बघितलं.

"सुटलं का काय, आत्या?"

मागनं मालगाडी आली. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. गिताबाई जहाजापाशी उभी होती, आणि तिच्या बोटाखाली वरची काठी थरथरत होती.

"काय न्हाई सुटलं," ती म्हणाली. "समदं जागच्या जागी हाय. ऊठ, त्वांड धू. मामांना उशीर हुईल."

गाडी लांबलचक होती. शेवटचा डबा जाईपर्यंत तिनं बोट उचललं नाही.